चर्चच्या दारावरचे चौदा चेहरे

माझ्या ड्रॉइंगला आयुष्यातली पहिली शिवी मराठीतून मिळाली, आणि तीही कतारमध्ये.

मेसईदच्या रस्त्यावर आमच्या कंपनीचं दगडाचं यार्ड होतं. तिथे एका पत्र्याच्या शेडखाली पन्नाशी उलटलेला एक माणूस माझं ड्रॉइंग दगडावर पसरून उभा होता आणि स्वतःशीच बोलत होता, "हात हाय का सुपडं? काढनाऱ्यानं मानसाचा हात कवा बगितलाच नसंल." मी त्याच्या मागेच होते. म्हटलं, "मी काढलंय ते, मामा. आणि मूळचा हातच तेवढा मोठा आहे." तो दचकला वगैरे अजिबात नाही. माझ्या हेल्मेटपासून बुटांपर्यंत एकदा बघून म्हणाला, "मराठी हाय व्हय? मंग तर तुमाला कळाय पायजे हुतं." मी त्याला मूळ फोटो दाखवला. तो त्याने बराच वेळ हातात धरून ठेवला आणि मग एवढंच म्हणाला की बरोबर आहे, हात मोठाच पाहिजे.

त्या दिवसापासून ते माझे मामा झाले. मला त्यांच्यासाठी मॅडमची ताई व्हायला अजून महिनाभर लागला.

मी मूळची नाशिकची, शिकलेली आर्किटेक्ट. पण दोहात मी काढत होते ती दुसऱ्या कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी काढून ठेवलेली दारं आणि खिडक्या. ऑफिस अल सद्द भागात, घरही तिथेच दोन गल्ल्या सोडून. नवरा मेसईदच्या खत कारखान्यात, पहाटे कंपनीच्या बसने जाणारा. आमची कंपनी इमारतींचे दर्शनी भाग करून द्यायची. सिमेंट आणि काचतंतूंचे साचे, पोकळ खांब, पोकळ कमानी. टिचकी मारली की रिकाम्या डब्याचा आवाज यायचा. फुटबॉलचा वर्ल्डकप जवळ येत होता आणि सगळं शहर पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यातल्या घरासारखं झालं होतं. एकीकडे रंग, एकीकडे फरशी, आणि ज्याचा त्याचा आवाज चढलेला. इटलीतली गल्ली, स्पेनमधला चौक, काय मागाल ते आम्ही सहा महिन्यांत उभं करत होतो. मला त्याची लाज वाटत नव्हती. कंटाळा मात्र येत होता.

मग हे दार आलं. एका स्थानिक कुटुंबाचं हॉटेल होणार होतं. त्यांची थोरली मुलगी फ्रान्समध्ये शिकलेली. तिने हॉटेलच्या मागच्या अंगणासाठी तिकडच्या एका खेड्यातल्या चर्चचं दार निवडलं होतं, आणि तिची अट एकच होती: बाकी काहीही साच्यातून काढा, हे दार खऱ्या दगडात, हाताने कोरलेलं हवं. चर्च नऊशे वर्षं जुनं. युरोपात उंच टोकदार कमानींची चर्चं यायच्या आधी जाड भिंतींची, बुटकी, अर्धगोल कमानींची चर्चं बांधायचे, त्यातलं. त्या शैलीला रोमनेस्क म्हणतात. कॉलेजात आम्हाला ती अर्ध्या तासात शिकवून संपवली होती.

दाराच्या वर, कमानीच्या पोटात, सगळी वस्ती होती. मधोमध बदामाच्या आकाराच्या चौकटीत येशू बसलेला, एक हात वर. त्याच्या पायाखाली ओळीने बारा शिष्य. कडेला एक देवदूत मेलेल्यांचं पाप-पुण्य तोलायचा तराजू धरून उभा, आणि तराजूचं एक पारडं खाली ओढणारा, दात विचकणारा सैतान. कुणाचंच अंग प्रमाणात नाही. डोकी मोठी, हात त्याहून मोठे, अंगावरच्या कपड्याच्या चुण्या कंगवा फिरवल्यासारख्या. डोळ्यांच्या बाहुल्यांच्या जागी खोल भोकं. मला हे सगळं समजावून सांगितलं आमच्या मॅनेजरने. तो केरळचा, ख्रिश्चन, दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, न चुकता चर्चला जाणारा. त्याने फोटोवर बोट ठेवून एकेका शिष्याचं नाव सांगितलं आणि मग बोट चटकन काढून घेतलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

कोरणार कोण, हा प्रश्न होता. मॅनेजर बाहेरून कारागीर आणायचं बोलत होता. मामांनी माझ्याकडे शब्द टाकला नाही की विनवणी केली नाही. पुढच्या वेळी यार्डात गेले तेव्हा त्यांनी टाकाऊ दगडाच्या तुकड्यात कोरलेला येशूचा उजवा हात माझ्या पुढ्यात ठेवला आणि फरशी कापायच्या मशीनवर परत गेले. तो हात मी ऑफिसात मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्याने तो उचलला, उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला. काम मामांना मिळालं.

ते कोल्हापूरकडचे. घराणं पाथरवटाचं. आजाने, बापाने गावोगावच्या देवळांतले नंदी आणि देव घडवले. मामांनीही चाळिशी उलटेपर्यंत तेच केलं. मग कतारला आले ते रस्त्याकडेचे दगड कापायला आणि भिंतींच्या फरश्या घासायला. कागदावर 'गवंडी'. नऊ वर्षांत एकदाही कुणी त्यांना विचारलं नव्हतं की तुम्हाला आणखी काय येतं. मीही विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्या ड्रॉइंगला नावं ठेवली म्हणून कळलं.

ओमानहून चुनखडीचे फिकट पिवळे ठोकळे आले. काळ्या पाषाणावर हात बसलेल्या मामांना तो दगड फारच मऊ वाटला. "लोन्यात काम केल्यागत वाटतंय," म्हणायचे, आणि लगेच काळजीने, "हलकं मारलं पायजे." येशू एका ठोकळ्यात, शिष्य दोन-दोन एका ठोकळ्यात. सगळ्यांना मिळून आठ महिने लागले. मी आठवड्यातून दोनदा जायचे. उन्हाळ्यात दुपारी बाहेरची कामं बंद असायची, तेव्हा शेडच्या मागच्या खोलीत पंख्याखाली बसून आम्ही ठेचा-चपाती खायचो आणि मामा मला शिकवायचे. हो, तेच मला. एकदा फोटो बघत म्हणाले, "ह्यो आमचा वीरगळच की." गावाच्या वेशीवर असतात ते लढाईत पडलेल्या माणसाचे दगड. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला उचलून नेतायत, वर तो देवापुढे हात जोडून. "हितंबी तसंच. मेलेलं मानूस, त्येचा न्याय, वर देव. ज्यानं क्येलं त्यो आमच्यातलाच असनार." मी हसले. पण ऑफिसात बसून मी जे महिनोन्‌महिने मोजत होते ते मला तोवर दिसलंच नव्हतं, हे त्या वाक्याने कळलं.

चेहरे त्यांनी शेवटी ठेवले. नाक, ओठ, दाढ्या, सगळं झालं. डोळे मात्र मिटल्यासारखे गुळगुळीत. तेव्हा एक दिवस छिन्नी खाली ठेवून त्यांनी मला बसवून घेतलं.

"ताई, येक इचारायचं हाय. हितं ह्या लोकांत चेहरं चालत्यात न्हवं?"

मी म्हटलं, ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का आहे, चेहऱ्यांसकट.

"ते कागदाचं झालं. आमच्यात डोळं सगळ्यात शेवटी उघडत्यात. उघडलं की दगड खलास, द्येव सुरू. मंग त्येला छिन्नी लावायची न्हाई. आज्यानं न्हाई लावली, बानं न्हाई लावली, मीबी न्हाई लावनार. मूर्तीत खोट निघाली तर पान्यात सोडतो, पर घाव घालत न्हाई. तवा काय नको-हवं असंल ते आदी इचारा. डोळं उघडायच्या आदी. मागनं सांगू नगा."

"हा तुमचा देव नाही ना पण, मामा," मी म्हटलं. मला वाटलं मी समजूतदारपणे बोलतेय.

"म्या घडवलाय न्हवं?" ते म्हणाले.

मी त्यांना शब्द दिला की विचारते. आणि इथे मी माझी जात दाखवली. माझे वडील जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. तोंडी काही खरं नसतं, लेखी घे, हे मी दुधाबरोबर प्यायलेले. आमच्या धंद्यात शंका विचारायचा एक छापील फॉर्म असतो. मी तो भरला. 'प्रवेशद्वारावरील मानवी चेहरे व धार्मिक आकृती स्वीकारार्ह आहेत, याची कृपया खात्री करावी.' क्रमांक टाकला, फोटो जोडले, हॉटेलच्या सल्लागार कंपनीला पाठवून दिला आणि मोठं शहाणपण केल्यासारखी घरी आले. नवऱ्याला सांगितलं, तर तो जेवता जेवता थांबला. "मंजुरी होती ना? मग परत कशाला विचारलंस? तेही लेखी?" मी त्याला म्हटलं, तू खतं बनव.

पण त्याचं बरोबर होतं. शिक्का असलेल्या ड्रॉइंगकडे आठ महिने कुणी वाकडी नजर केली नव्हती. ज्याला ते चेहरे आवडत होते त्याला आवडत होते, ज्याला नव्हते त्याने बघितलेच नव्हते. आता मी सहीसाठी एक रिकामी चौकट त्यांच्यापुढे ठेवली होती. तिथे 'हो' लिहून पुढेमागे नाव अडकवून घेणारा माणूस कुठल्या ऑफिसात असतो? मी स्वतः असते तर लिहिलं असतं का? नसतंच लिहिलं.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. उत्तर नाही. मामा रोज फोनवर विचारायचे, "आलं का?" मी म्हणायचे, इन्शाल्ला उद्या. तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरने मला बोलावलं. बाकी अंगण तयार होतं, क्रेन गुरुवारची मिळाली होती, पुन्हा दीड महिना मिळणार नव्हती. त्याने हिंदीतच सांगितलं की रविवारपर्यंत मूर्ती पूर्ण नसतील तर दगड यार्डातच राहू दे, आपण साच्यातून दार काढू, लांबून कुणाला कळणार आहे?

आठ महिन्यांचं काम यार्डात पडून राहणार. मामांचं, हे खरं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. त्या दारावर माझं नाव लागणार होतं. चाळीस पोकळ कमानी काढल्यावर एक भरीव गोष्ट माझ्या हातून होत होती आणि ती मला सोडायची नव्हती. मी यार्डात गेले. मामा शेडच्या दारातच उभे होते.

"आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं," मी म्हटलं. "चालतंय. उघडा डोळे."

किती सहज बोलले मी ते. मला वाटत होतं, येईलच 'हो', आज ना उद्या. मंजूर झालेलंच तर आहे. मी खोटं बोलत नव्हते, फक्त दोन दिवस आधी खरं बोलत होते, अशी मी माझी समजूत काढली होती.

शनिवारी सकाळी मामा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. नव्याने उघडलेल्या मूर्तीची पहिली नजर माणसावर पडू नये, म्हणून आरसा धरतात. यार्डात आरसा कुठला? त्यांनी ड्रायव्हरकडून पिकअपचा बाजूचा आरसा काढून घेतला आणि तो मला धरायला लावला. एकेका चेहऱ्यापुढे मी आरसा धरून, मान वळवून उभी राहायचे आणि मामा बारीक छिन्नीने बाहुलीची भोकं पाडायचे. चौदा चेहरे, अठ्ठावीस भोकं. सैतानाचे डोळे त्यांनी आधीच, गप्पा मारत, कोरून टाकले होते. त्याला आरसा नाही. शेवटचा येशू झाला तेव्हा मामांनी आरसा बाजूला केला आणि मला म्हणाले, "आता बगा." मी बघितलं. फोटोत शेकडो वेळा पाहिलेला चेहरा होता तो, आणि तरी मी नजर खाली वळवली. मला माझ्या खोटेपणाची आठवण झाली असं म्हणणं सोपं आहे. तसं काही नव्हतं. मी खूश होते. मला रडू येत होतं इतकी खूश होते.

सोमवारी उत्तर आलं. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. 'सदर काम स्थानिक संकेतांना व नियमांना धरून असल्याची संपूर्ण जबाबदारी कंत्राटदाराची राहील.' एवढंच. मी ते मॅनेजरकडे घेऊन गेले आणि म्हटलं, बघा, नाही म्हणालेले नाहीत. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा काढला.

"नो फेसेस," तो म्हणाला. "खलास."

मी भांडले. आवाज चढवून भांडले. फ्रान्सला शिकलेल्या त्या मालकिणीनेच मागितलंय, तिला विचारा, म्हटलं. तो म्हणाला, तिला परत विचारायचं म्हणजे पुन्हा लेखी विचारायचं, आणि पुन्हा हेच कागद फिरणार. मग उठून त्याने केबिनचं दार लावलं. "मॅडम, तुम्ही ठेवले असते तर लोक म्हणाले असते, कला आहे. मी ठेवले तर म्हणतील, ह्या ख्रिश्चनाने ठेवले. मेरे तीन बच्चे यहाँ पढ़ते हैं." मला तेव्हा त्याचा इतका राग आला होता की त्याच्या बोलण्यातलं खरं मला ऐकूच आलं नाही. आता येतं. त्याला कुणीही दम दिला नव्हता. नुसत्या माझ्या फॉर्मने त्याला घाबरवलं होतं.

ग्राइंडरवाले मंगळवारी सकाळी येणार होते. त्याआधी मामांना सांगायचं काम माझं.

मी सांगितलं. सगळं नाही, एवढंच की चेहरे काढायला सांगितलेत. मामा म्हणाले, "पर तुमी म्हनला आलं म्हनून. तवा काय आलं हुतं मंग?"

मी म्हटलं, "काही आलं नव्हतं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली बसले, हातातली छिन्नी सदऱ्याला पुसली, पुन्हा पुसली. "त्येंच्या धरमात चेहरा चालत न्हाई, तर न्हाई," ते म्हणाले. "ज्येचा त्येचा धरम. त्येंचं काय चुकलं न्हाई. तुमचं चुकलं."

"हो," मी म्हटलं.

"ग्राइंडर लावू द्यायचा न्हाई म्या. आनि म्याबी न्हाई लावनार. तुमी उघडाय लावलं, तुमीच मिटा."

आणि त्यांनी छिन्नी माझ्यापुढे धरली.

मला वाटलं ते रागाने म्हणतायत, आता हात मागे घेतील. त्यांनी हात मागे घेतला नाही. शेवटी मी छिन्नी घेतली, हातोडा घेतला. येशूला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. ओळीतला अगदी टोकाचा शिष्य धरला, ज्याचं नावही मला आठवत नव्हतं. पहिल्या घावाला छिन्नी घसरली आणि त्याच्या गालावर ओरखडा उठला. दुसऱ्याला नाकाचा शेंडा आणि वरचा अर्धा ओठ उडाला. डोळे तसेच उघडे. तिसरा घाव गळ्यावर गेला. दगड मऊ होता, माझ्या हाताला मात्र काही कळत नव्हतं. मी रडत होते आणि मारत होते.

"सोडा," मामा म्हणाले. माझ्या हातातून त्यांनी छिन्नी काढून घेतली, जशी लहान मुलाच्या हातातून विळी काढून घेतात. "असं न्हाई करायचं. तरास हुतुय त्यास्नी."

म्हणजे शेवटी घाव त्यांनीच घातले. आज्याने आणि बापाने जे केलं नाही ते त्यांनी केलं, कारण माझं काम इतकं गचाळ होतं की त्यांना ते बघवलं नाही. सुरू करण्याआधी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. देवाला मूर्तीतून उठवायचं तर आपल्यात चार शब्द बोलतात. ह्यांच्या देवाला काय म्हणून निरोप देतात ते साहेबांना विचारा. मी मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, आमच्यात असं काही नसतं, लवकर संपवायला सांगा. अर्ध्या तासाने त्याचा व्हॉइस मेसेज आला. मलयाळममध्ये, दबक्या आवाजात, तो काहीतरी म्हणत होता. मी फोन दगडापुढे धरून तो लावला. मामांनी डोक्याचा टॉवेल काढून ऐकला आणि कामाला लागले.

मंगळवारी ग्राइंडरवाल्यांना मी परत पाठवलं; क्रेन येईपर्यंत मामा उठलेच नाहीत. प्रत्येक चेहऱ्यावर आधी तळवा ठेवायचे, पुटपुटायचे, मग छिन्नी. चौदा गुळगुळीत अंडाकृती शिल्लक राहिल्या; माझ्या त्या ओरखडलेल्या शिष्याचा चेहराही त्यांनी बाकीच्यांसारखा केला. सैतानाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं, कारण तो माणूस नव्हता. तो तसाच दात विचकत राहिला. गुरुवारी दार उभं राहिलं. पुढच्या महिन्यात मामा गावी गेले ते परत न येण्यासाठी. मी विमानतळावर सोडायला येते म्हटलं, तर म्हणाले कंपनीची बस आहे.

हॉटेल सुरू व्हायच्या आधी मालकीण अंगण बघायला आली. काळ्या पायघोळ अबायातली, माझ्याच वयाची, हळू बोलणारी बाई. आम्ही सगळे ओळीत उभे. ती दारापुढे थांबली, वर बघितलं आणि बघतच राहिली.

"चेहरे कुठे आहेत?" तिने इंग्रजीत विचारलं.

मॅनेजर म्हणाला, संकेत, नियम, आम्ही विचारणा केली होती, खबरदारी म्हणून. ती त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबली. "मी शिकायला होते तेव्हा त्या गावात वर्षभर राहिले. घरची आठवण आली की मी ह्या चेहऱ्यांपुढे जाऊन बसायचे," ती म्हणाली. "हे मागच्या अंगणात आहे, माझ्या घरच्यांनी बघून होकार दिलेला आहे. मला कुणी एक फोन का नाही केला?" मग तिने विचारलं, पुन्हा कोरता येतील का? मीच उत्तर दिलं. नाही येणार, त्यात आता तेवढा दगड उरलेला नाही. तिने मान हलवली, शुक्रन म्हणून आभार मानले आणि आत निघून गेली. ती रागावली असती तर मॅनेजरला आणि मला एकमेकांकडे न बघता गाडीपर्यंत जाणं जरा सोपं गेलं असतं.

वर्ल्डकप सुरू झाला. त्या दारापुढे जगभरचे लोक उभे राहून फोटो काढत होते. एकदा मी इथल्याच इंग्रजी शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलीला घेऊन गेले तेव्हा कुणीतरी आपल्या बायकोला सांगत होता की बघ, काळाने चेहरे कसे झिजवलेत. मुलगी मला म्हणाली, "आई, इट लुक्स सो ओल्ड." मी तिला मराठीत बोल म्हणून ओरडले. तिची काहीच चूक नव्हती.

त्याच दिवसांत मामांचा फोन आला. आवाज चांगला होता. गावात टीव्हीवर सगळे सामने बघतायत म्हणाले, आपलं दार कधी दिसेल म्हणून नातू विचारतोय. मी विचारलं, देव घडवताय ना पुन्हा? म्हणाले, "घडिवतो. डोळं थोरला पोरगा उघडतो. माजा हात थांबतोय तितं." मग इकडचं तिकडचं झालं, पाऊस, गुडघे. आणि फोन ठेवायच्या बेतात असताना ते म्हणाले, "ताई, येक इचारू? त्या मालकिनीनंच न्हाई म्हनलं हुतं न्हवं? त्येंच्या धरमापायीच झालं न्हवं ते?"

खरं सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा निदान क्रेन यायची होती. आता कसली घाई नव्हती. मी सोफ्यावर बसलेली, चहा समोर.

"हो मामा," मी म्हटलं. "तिनंच नको म्हटलं होतं."

पलीकडे त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला नीट ऐकू आला.

"मंग बरं," मामा म्हणाले. "मला रोज वाटायचं, उगंच ग्येली का काय त्ये चौदा जनं."